माशाचं हृदय भरून येतं, आपलं का नाही?

हार्ट अटॅकमधून माणूस वाचतो, घरी येतो, काही आठवड्यांत हिंडू-फिरू लागतो. घरचे म्हणतात, आता बरं झालं. डॉक्टर मात्र इकोचा रिपोर्ट बघून सांगतात की हृदयाचा एक भाग हलत नाही, पंपिंग कमी झालंय, गोळ्या कायम घ्याव्या लागतील. मोडलेलं हाड जुळतं, कापलेली कातडी भरते, यकृताचा अर्धा भाग काढला तरी उरलेलं यकृत वाढून ती कसर भरून काढतं. हृदयाचा मेलेला भाग मात्र आयुष्यभर मेलेलाच राहतो.

पाठीचा कणा असलेल्या सगळ्याच प्राण्यांचं असं होत नाही. काहींच्या हृदयाचा तुकडा कापून काढला तरी तिथे नवा, आकुंचन पावणारा, जिवंत स्नायू तयार होतो. हे त्यांना कसं जमतं आणि आपल्याला का जमत नाही, यावर गेली वीस-पंचवीस वर्षं फार गांभीर्याने काम चाललं आहे. त्यातून जे कळलं ते आशादायक आहे. पण बातम्यांमध्ये ‘आता हृदय पुन्हा उगवणार’ असे मथळे येतात तितकं ते सोपं नाही.

आधी आपल्या हृदयात काय होतं ते पाहू

हृदय सगळ्या शरीराला रक्त देतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पोचवणाऱ्या धमन्या वेगळ्या असतात. त्यातल्या एखादीत गुठळी अडकली की पुढच्या स्नायूला ऑक्सिजन मिळेनासा होतो. साधारण वीस मिनिटांनी पेशी कायमच्या मरू लागतात आणि पुढचे काही तास मरत राहतात. म्हणून तर अटॅक आलेल्या माणसाला दवाखान्यात नेण्याची इतकी घाई करायची असते. धमनी जितक्या लवकर मोकळी होईल तितका स्नायू वाचतो. शरीरभर रक्त ढकलणाऱ्या डाव्या खालच्या कप्प्यात दोनशे ते चारशे कोटी स्नायुपेशी असतात, असा अंदाज आहे. मोठ्या झटक्यात त्यातल्या शंभर कोटीपर्यंत पेशी काही तासांत जाऊ शकतात.

मग प्रतिकारक पेशी तिथे धावून येतात आणि मेलेल्या पेशी खाऊन जागा साफ करतात. त्यांच्यामागून फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येतात आणि कोलॅजन या चिवट प्रथिनाचे धागे विणू लागतात. काही आठवड्यांत तिथे घट्ट व्रण तयार होतो.

या व्रणाला खलनायक ठरवायची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. हृदयाची भिंत दर ठोक्याला मोठा दाब झेलते आणि दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात. स्नायू मेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात ती भिंत इतकी कमजोर झालेली असते की क्वचित फुटतेही, आणि तसं झालं तर माणूस वाचणं फार अवघड असतं. कोलॅजनचा व्रण ती भिंत धरून ठेवतो. तो नसता तर अटॅकमधून वाचलेली कितीतरी माणसं आठवडाभरात गेली असती.

व्रणाची किंमत पुढे चुकवावी लागते. तो आकुंचन पावत नाही आणि विजेचा संदेशही नीट पुढे नेत नाही, त्यामुळे ठोक्याची लय बिघडण्याचा धोका राहतो. उरलेल्या स्नायूवर जास्तीचं काम पडतं. कप्पा हळूहळू ताणला जातो, मोठा आणि पातळ होतो. काही वर्षांनी जिना चढताना धाप लागते, पायांवर सूज येते. डॉक्टर याला हार्ट फेल्युअर म्हणतात. आजची औषधं ही घसरण मंदावतात, गेलेला स्नायू परत आणत नाहीत.

चार सेंटिमीटरचा मासा

झेब्राफिश हा गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, अंगावर निळसर पट्टे असलेला छोटा मासा. लांबी तीन-चार सेंटिमीटर. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात १८२२ साली त्याची नोंद केली. पुढे अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणलं, आणि जनुकांच्या अभ्यासासाठी तो किती सोयीचा आहे हे १९८१च्या त्यांच्या शोधनिबंधातून जगाला कळलं. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते. ती शरीराबाहेर वाढतात. पिल्लू पारदर्शक असतं आणि दिवसभरातच त्याचं हृदय धडधडू लागतं. जिवंत प्राण्याच्या हृदयात रक्त कसं खेळतं, हे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं. २०१३ साली त्याचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचा नातलग या माशात सापडतो असं दिसलं.

२००२ साली बॉस्टनमध्ये मार्क कीटिंग यांच्या प्रयोगशाळेत केनेथ पॉस यांनी झेब्राफिशला भूल देऊन त्याच्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा सुमारे २० टक्के भाग कापून काढला. (माशाच्या हृदयात दोनच कप्पे असतात, एक रक्त घेणारा आणि एक ढकलणारा.) रक्ताची गुठळी होऊन जखम बंद झाली. मासे पोहत राहिले. दोन महिन्यांनी पाहिलं तर कापलेल्या जागी व्रण नव्हता. तिथे स्नायू होता, आणि तो बाकीच्या हृदयाबरोबर ठोके देत होता.

खरं तर १९७४ सालीच ओबरप्रिलर दांपत्याने न्यूट या उभयचराच्या हृदयात जखमेनंतर स्नायुपेशी विभागताना पाहिल्या होत्या. पण न्यूटची जनुकं बदलणं त्या काळात शक्य नव्हतं. माशाच्या बाबतीत ते शक्य झालं, म्हणून या विषयाला वेग आला.

यावर लगेच एक रास्त शंका येते. हार्ट अटॅकमध्ये कोणी हृदयाचा तुकडा कापून नेत नाही. पेशी जागच्या जागी मरतात आणि त्यांचा ढीग तिथेच पडून असतो. मग माशाच्या प्रयोगाचा आपल्याला काय उपयोग? २०११ साली तीन वेगवेगळ्या गटांनी ही शंका तपासली. अतिथंड केलेली बारीक सळई हृदयाला टेकवून त्यांनी स्नायूचा एक भाग गोठवून मारला. या वेळी माशाच्या हृदयातही कोलॅजनचा व्रण तयार झाला. मात्र तो तिथे कायम राहिला नाही. पुढच्या चारेक महिन्यांत तो विरत गेला आणि त्याच्या जागी स्नायू आला.

मला हा प्रयोग पहिल्यापेक्षाही मोलाचा वाटतो. तोवर असं समजलं जायचं की प्राणी एक तर व्रण तयार करतो किंवा अवयव पुन्हा वाढवतो. मासा दोन्ही करतो. घाईच्या वेळी भिंतीला आधार म्हणून व्रण घालतो, आणि नवा स्नायू तयार होत जाईल तसतसा तो काढून टाकतो. आपण पहिलं काम उत्तम करतो आणि तिथेच थांबतो.

नवा स्नायू येतो कुठून?

सुरुवातीला पॉस यांच्याच गटाला वाटलं होतं की कुठल्या तरी मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, जागृत होऊन नवा स्नायू बनवत असतील. २००६ साली त्यांनी तसं मांडलंही. मग हे पडताळण्यासाठी एक फार नेटकी युक्ती वापरली गेली. जखम करण्याआधीच माशाच्या स्नायुपेशींच्या जनुकांत एक कायमची चमकणारी खूण बसवायची. ही खूण पेशीच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांमध्ये उतरते. नवा स्नायू चमकला तर तो जुन्या स्नायूची संतती आहे. नाही चमकला तर तो दुसरीकडून आलेला आहे. २०१० साली दोन प्रयोगशाळांनी, त्यात पॉस यांचीही होती, हा निकाल प्रसिद्ध केला. नवा स्नायू चमकत होता. तो स्टेम सेलमधून आला नव्हता, जखमेजवळच्या जुन्या स्नायुपेशींच्या विभाजनातून आला होता.

हे इतकं महत्त्वाचं का, ते समजायला हृदयाच्या स्नायुपेशीच्या आत डोकावायला हवं. तिचं जवळजवळ सगळं पोट आकुंचन पावणाऱ्या धाग्यांच्या शिस्तबद्ध रांगांनी भरलेलं असतं. पेशीचे दोन भाग व्हायचे तर या रांगा निदान काही काळ मोडाव्या लागतात. ठोके देत असलेल्या हृदयात असं करणं म्हणजे चालत्या बैलगाडीचं चाक बदलण्यासारखं आहे. मासा ते एका हद्दीत उरकतो. जखमेच्या काठावरच्या पेशी आपले धागे थोडे सैल करतात, गर्भातल्या पेशींसारख्या वागू लागतात, विभागतात, आणि मग पुन्हा धागे रचून कामाला लागतात. काठापासून दूरच्या पेशी बहुतांशी ठोके देत राहतात, म्हणून हृदय थांबत नाही.

हे त्या पेशी आपल्या मनाने करत नाहीत. हृदयाला बाहेरून वेढणारा पातळ पदर जखमेनंतर लगेच जागा होतो आणि रेटिनॉइक आम्लासारखे संदेश सोडतो. जखमेच्या भोवतालून न्यूरेग्युलिन नावाचं प्रथिन स्रवतं, ते स्नायुपेशींना विभागायला सांगतं. जखम नसलेल्या माशात हे प्रथिन मुद्दाम वाढवलं तर हृदय नुसतंच मोठं होत जातं, इतका त्याचा प्रभाव. नव्या रक्तवाहिन्या पहिल्याच दिवशी जखमेत शिरू लागतात. मज्जातंतू लागतात. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी लागतात, आणि त्याही वेळेवर यायला लागतात.

वेळेचं महत्त्व दुसऱ्या एका माशामुळे कळलं. मेदाका हा जपानमधला मासा दिसायला आणि राहायला झेब्राफिशच्या बराच जवळचा, तरी त्याचं हृदय भरून येत नाही, व्रण तसाच राहतो. २०१७ साली दोघांची तुलना केली तेव्हा मेदाकात मॅक्रोफेज उशिरा येतात असं दिसलं. रोगप्रतिकारक यंत्रणेला डिवचणारं द्रव्य दिल्यावर मेदाकाच्या हृदयानेही बरं होण्याच्या दिशेने पावलं टाकली. दाह म्हणजे वाईट, तो दाबून टाकायचा, ही आपली सर्वसाधारण समजूत. इथे मात्र योग्य वेळी आलेला दाह हवा असतो आणि योग्य वेळी तो ओसरावाही लागतो.

त्याहून नवल मेक्सिकोतल्या एका माशाचं. अस्तियानॅक्स नावाची ही एकच जात, पण तिचे काही मासे नदीत राहतात आणि काही पिढ्यान्पिढ्या अंधाऱ्या गुहांत राहून आंधळे झाले आहेत. नदीतल्या माशाचं हृदय भरून येतं. पाचोन गुहेतल्या माशाच्या हृदयावर व्रण राहतो. ऑक्सफर्डमधल्या माथिल्डा मॉमरस्टीग यांच्या गटाने हे २०१८ साली दाखवलं. दोघांचा संकर होऊ शकतो, त्यामुळे कुठली जनुकं या फरकाशी जोडलेली आहेत ते शोधता येतं. त्या शोधात एलआरआरसी१० नावाचं एक जनुक पुढे आलं. ते लक्षात ठेवा.

आपल्यातही ही क्षमता होती

‘माशाला जमतं, सस्तन प्राण्याला जमत नाही’ ही ढोबळ विभागणी २०११ साली मोडली. टेक्सासमधल्या हेशाम सादेक आणि एरिक ओल्सन यांच्या गटाने एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयाचं टोक कापलं. तीन आठवड्यांत ते भरून आलं, आणि इथेही नवा स्नायू जुन्या स्नायूतूनच आला होता. हाच प्रयोग सात दिवसांच्या पिल्लावर केला तर फक्त व्रण मिळाला. सात दिवसांत एक दार बंद होतं. डुकराच्या पिल्लात तर ते जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच बंद होतं, असं २०१८ साली कळलं. माणसाच्या बाळांवर असा प्रयोग अर्थातच कोणी करणार नाही. पण जन्मतःच मोठा हार्ट अटॅक आलेल्या एका नवजात बाळाचं हृदय काही आठवड्यांत जवळपास पूर्ववत काम करू लागल्याची नोंद २०१६ साली प्रसिद्ध झाली आहे. एका रुग्णावरून नियम सांगता येत नाही, हे खरं. तरी ती नोंद उंदरांवरच्या निष्कर्षांशी जुळणारी आहे.

मोठ्या माणसाच्या हृदयात नव्या स्नायुपेशी तयारच होत नाहीत का? या प्रश्नाचं उत्तर ज्या मार्गाने मिळालं तो मार्ग विज्ञानातल्या सर्वांत कल्पक मार्गांपैकी एक आहे असं मी मानतो. जिवंत माणसाच्या हृदयाच्या पेशींवर चमकणारी खूण बसवता येत नाही. पण विसाव्या शतकाने नकळत सगळ्या मानवजातीवर एक खूण बसवून ठेवली होती. १९६३च्या आंशिक चाचणीबंदी करारापर्यंत अमेरिका, सोव्हिएत संघ आणि इतर अणुसत्तांनी उघड्या हवेत अणुबाँबच्या चाचण्या केल्या. त्यामुळे वातावरणात कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन झपाट्याने वाढला आणि करारानंतर वर्षागणिक कमी होत गेला. तो झाडांत गेला, अन्नातून माणसांत आला. पेशी विभागते तेव्हा ती नवा डीएनए तयार करते, आणि त्या डीएनएत त्या वर्षीच्या हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण कायमचं कोरलं जातं. म्हणजे मृत्यूनंतर हृदयाच्या पेशींतला डीएनए वेगळा काढून त्यातला कार्बन-१४ मोजला तर त्या पेशी साधारण कोणत्या साली जन्मल्या ते सांगता येतं.

स्टॉकहोममधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटाने हे काम केलं आणि २००९ साली निष्कर्ष मांडला. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायुपेशी नव्या येतात. पंचाहत्तरीत हे प्रमाण ०.४५ टक्क्यावर उतरतं. आयुष्यभराचा हिशोब केला तर निम्म्याहून कमी पेशी बदलल्या जातात, बाकीच्या जन्मापासूनच्याच. वर्षाला एक टक्का म्हणजे हार्ट अटॅकमध्ये काही तासांत गेलेला चौथा हिस्सा भरून काढायला अगदीच अपुरा. पण शून्य नाही. आणि संशोधनाच्या दृष्टीने शून्य आणि एक यांत फार मोठं अंतर आहे, कारण काम करणारी यंत्रणा असेल तर तिचा वेग वाढवण्याचा विचार तरी करता येतो.

दार बंद का होतं?

गर्भात बाळाला ऑक्सिजन बेताचाच मिळतो. जन्मानंतर पहिल्या श्वासाबरोबर तो एकदम वाढतो. हृदयाच्या पेशी ऊर्जेसाठी चरबी जाळू लागतात, त्यातून निघणाऱ्या ऑक्सिजनच्या तीव्र संयुगांनी डीएनएला इजा होते, आणि इजा झालेली पेशी विभागणं थांबवते. सादेक यांच्या गटाने हे २०१४ साली दाखवलं. तीन वर्षांनी त्यांनी हार्ट अटॅक दिलेल्या प्रौढ उंदरांना अशा हवेत ठेवलं जिच्यातला ऑक्सिजन हळूहळू कमी करत ७ टक्क्यांपर्यंत आणला होता. एव्हरेस्टच्या शिखरावरची हवा साधारण इतकीच विरळ असते. त्या उंदरांच्या स्नायुपेशी पुन्हा विभागू लागल्या आणि हृदयाचं काम सुधारलं. हृदयरुग्णाने असं काही स्वतःवर करून पाहणं जिवावर बेतेल, हे वेगळं सांगायला हवं. प्रयोगाचा उपयोग कारण समजण्यापुरता होता.

दुसरं कारण थायरॉइडचं. सस्तन प्राण्यांत जन्माच्या सुमारास थायरॉइडचं संप्रेरक खूप वाढतं. ते शरीराची भट्टी पेटती ठेवतं, म्हणूनच आपण बाहेर थंडी असली तरी आतून गरम राहतो. २०१९ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका गटाने ४१ पृष्ठवंशीय जातींच्या हृदयपेशी तपासल्या. पेशीत गुणसूत्रांचे नेहमीप्रमाणे दोनच संच आहेत की विभाजन अर्धवट राहून जास्त संच साठले आहेत, हे त्यांनी पाहिलं. जास्त संच असलेल्या पेशी सहसा विभागत नाहीत. ज्या प्राण्यांची ऊर्जेची गरज जास्त, त्यांच्यात विभागू शकणाऱ्या पेशी कमी, असं चित्र मिळालं. उंदराच्या हृदयातलं थायरॉइडचं काम रोखलं तर प्रौढपणीही हृदय थोडं भरून आलं. उलट झेब्राफिशला जास्तीचं थायरॉइड संप्रेरक दिलं तर त्याची क्षमता घटली.

यावरून असं मांडलं जातं की उष्ण रक्ताच्या बदल्यात आपण हृदय भरून आणण्याची क्षमता गमावली. कल्पना सुंदर आहे आणि पुरावे तिच्या बाजूने झुकतात, पण मेदाका आणि गुहेतला मासा दोन्ही थंड रक्ताचेच. तेव्हा हे एकच कारण सगळं सांगून जात नाही.

उपचारांपर्यंतची वाट

या क्षेत्रात एक मोठी वाताहत होऊन गेली आहे आणि रुग्णांच्या नातेवाइकांना ती माहीत असायला हवी. २००१ साली अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी उंदराच्या हृदयात सोडल्या की त्यांचा स्नायू होतो, असा दावा एका नामांकित नियतकालिकात छापून आला. तीन वर्षांत इतर प्रयोगशाळांनी खुणा बसवलेल्या पेशींनी तो तपासला. त्या पेशींचा हृदयस्नायू झालाच नव्हता. तोवर माणसांवर चाचण्या सुरूही झाल्या होत्या. दावा करणाऱ्या प्रयोगशाळेने पुढे हृदयातच स्टेम सेल असतात असंही म्हटलं. शेवटी २०१८ साली हार्वर्ड आणि बॉस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयाने चौकशीनंतर त्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं नियतकालिकांना कळवलं. अस्थिमज्जेच्या पेशी दिल्याने हृदयरुग्णांचं आयुष्य वाढतं याचा ठोस पुरावा मोठ्या चाचण्यांतून मिळालेला नाही. तरीही ‘स्टेम सेलने हृदय नवं करू’ अशा जाहिराती सुरूच आहेत. कोणी असा उपचार सुचवत असेल तर तो नोंदणीकृत चाचणीचा भाग आहे का आणि त्यासाठी पैसे का मागितले जात आहेत, हे दोन प्रश्न नक्की विचारावेत. कर्ज काढून, घर विकून लोक अशा ठिकाणी जातात याचं मला फार वाईट वाटतं.

माशाने दाखवलेला रस्ता वेगळा आहे. जुन्याच स्नायुपेशींना पुन्हा विभागायला लावायचं. इटलीतल्या एका गटाने डुकरांच्या हृदयात मायक्रोआरएनए-१९९ए नावाचा छोटा रेणू तयार होईल अशी जनुकीय व्यवस्था केली. डुकराचं हृदय आकाराने आपल्या हृदयासारखं असतं, म्हणून हे प्रयोग महत्त्वाचे. महिन्याभरात पेशी विभागल्या, व्रण लहान झाला, पंपिंग सुधारलं. पण तो रेणू बनतच राहिला आणि पेशी अपरिपक्व अवस्थेत विभागतच राहिल्या. दोन महिन्यांच्या आत बहुतेक डुकरं ठोक्याची लय बिघडून अचानक मेली. २०१९ सालचा हा निष्कर्ष लपवला नाही, ठळकपणे छापला, याबद्दल त्या गटाचं कौतुक वाटतं. वाढ सुरू करणं जमू लागलं आहे, ती योग्य जागी आणि योग्य वेळेपुरती ठेवणं अजून जमलेलं नाही, हे त्यातून सगळ्यांना कळलं.

त्यावरचा एक तोडगा पुन्हा माशाकडूनच आला. पॉस यांच्या गटाला झेब्राफिशच्या डीएनएत काही छोटे नियंत्रक तुकडे सापडले. जखम झाली की ते शेजारच्या जनुकाला कामाला लावतात आणि जखम भरली की गप्प होतात. २०१६ साली असं दिसलं की माशाचा हा तुकडा उंदरात घातला तर तिथेही तो जखमेच्या जागीच जागा होतो. कोट्यवधी वर्षांच्या अंतराने वेगळ्या झालेल्या दोन प्राण्यांत हे चालावं, ही फार मोठी गोष्ट आहे. नंतर त्यांनी याच तुकड्यांच्या ताब्यात पेशी विभागायला लावणारं जनुक देऊन निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून ते उंदरांच्या हृदयात पोचवलं. ते जखमेपाशी चाललं आणि मग थांबलं. नियंत्रक तुकडे डुकरांच्या हृदयातही जखमेच्या जागीच जागे झाले. माणसासाठी हे अजून प्रयोगशाळेच्या टप्प्यावरच आहे.

दुसरीकडे जर्मनीत ग्योटिंगेन इथे बाहेरून स्नायू आणण्याचं काम चाललं आहे. माणसाच्या साध्या पेशींना मूळ पेशींच्या अवस्थेत नेऊन, त्यांच्यापासून हृदयस्नायू वाढवून, त्याचं ठिगळ हृदयावर शिवायचं. आधी माकडांवर करून मग हृदयरोपणाची वाट पाहणाऱ्या एका रुग्णावर ते केलं गेलं. काही महिन्यांनी रोपणासाठी जुनं हृदय काढलं तेव्हा ठिगळातला स्नायू जिवंत होता आणि त्याला रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. २०२५च्या जानेवारीत हे प्रसिद्ध झालं. अशा रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, नाहीतर शरीर ठिगळ नाकारतं. किती रुग्णांना किती फायदा होतो ते पुढच्या चाचण्यांतून कळेल.

आणि ते एलआरआरसी१०. नेदरलँड्समधल्या हुब्रेख्त इन्स्टिट्यूटमध्ये येरून बाकर्स यांच्या गटाने २०२३ साली झेब्राफिशमध्ये हे जनुक बंद करून पाहिलं. हृदयाला जखम झाल्यावर पेशी विभागल्या, पण विभागून झाल्यावर पुन्हा पक्क्या स्नायुपेशी होईनात. धागे नीट रचले जाईनात, कॅल्शियमची ये-जा सुरळीत होईना. म्हणजे पेशींना विभागणं थांबवून कामाला लावणाऱ्यांपैकी हे एक जनुक आहे. प्रयोगशाळेत मूळ पेशींपासून वाढवलेल्या माणसाच्या हृदयपेशी नेहमी अर्धवट कच्च्या राहतात, ही या क्षेत्रातली जुनी अडचण. त्या गटाने हेच जनुक त्या पेशींत वाढवलं, तेव्हा त्यांचं विभाजन कमी झालं आणि त्या अधिक पक्क्या झाल्या.